हे अजून कोणी वापरतं का?

सलिलचा फोन आला तेव्हा पूर्णिमा सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकातलं एक प्रकरण तपासत बसली होती. सलिलची पहिली दोन वाक्यं तिला कळलीच नाहीत. नुसता आवाज आला, शब्द आले नाहीत. तिनं त्या दिवसांतलं नेहमीचं कारण पुढे केलं, "अरे, इथे नदीपात्रात ढोल वाजतायत. जरा मोठ्यानं बोल." खरं म्हणजे ढोलपथकाचा सराव सुरू व्हायला अजून वेळ होता. पण सलिल हिंजवडीतून बोलत होता, त्याला ते कळायचं काही कारण नव्हतं.

तो मोठ्यानं बोलला तेव्हा तिला एवढंच कळलं, की तिच्या ब्रेल डिस्प्लेचं काहीतरी बंद होणार आहे. उद्या शनिवार, सुट्टी आहे, प्रत्यक्ष येऊन सांगतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. ती डिस्प्लेवर हात तसेच ठेवून बसून राहिली.

पूर्णिमा लोमटे पंचेचाळिशीच्या आसपासची. माहेर हडपसरचं, तुप्यांचं. जन्मली तेव्हा तिला थोडंफार दिसायचं, पण शाळेतच नजर आत आत आक्रसत गेली आणि दहावीच्या सुमारास उजेड आहे की नाही एवढंच कळायचं उरलं. अंधशाळेच्या वसतिगृहात राहून ती शिकली, एका सहकारी बँकेत टेलिफोन ऑपरेटर झाली. आवाज ओळखण्यात तिचा हातखंडा होता. खातेदारानं नुसतं "हॅलो" म्हटलं की ती नावानं बोलायची. मग बँकेनं तो टेलिफोनचा बोर्डच काढून टाकला आणि ती कर्वेनगरातल्या एका छोट्या संस्थेत आली. ही संस्था अंधशाळांसाठी ब्रेलमध्ये पाठ्यपुस्तकं छापते. छापण्याआधी पूर्ण पुस्तक वाचून चुका काढायचं काम पूर्णिमाचं.

त्या कामासाठी तिच्यापुढे एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याला जोडलेला ब्रेल डिस्प्ले. कीबोर्डपुढे ठेवायची एक लांबट पेटी, तिच्यावर छोट्या छोट्या घरांची एक रांग, आणि प्रत्येक घरातून बारीक ठिपके वर येतात, खाली बसतात. पडद्यावरची ओळ बोटांखाली उमटते, पुढचं बटण दाबलं की दुसरी ओळ. परदेशातून कोणीतरी संस्थेला वापरलेला दिलेला. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. पेटीची वायर ज्या पोर्टमध्ये बसते, ते पोर्टसुद्धा नव्या कॉम्प्युटरना नसतं. तरी तो चालत होता, कारण तो चालवणारा प्रोग्रॅम ओपन सोर्स होता. जगभरातली काही माणसं आपापल्या फावल्या वेळात तो लिहीत, दुरुस्त करत आणि सगळ्यांना फुकट देत. सलिल कॉलेजात असताना संस्थेत मदतीला यायचा, तेव्हा त्यानंच तो बसवून दिला होता. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, पण त्यानं संस्थेत येणं सोडलं नव्हतं.

शनिवारी तो आला आणि खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसला. प्रोग्रॅमची पुढची आवृत्ती हिवाळ्यात निघणार होती. त्या वेळी जुन्या पोर्टवर चालणारे सगळे डिस्प्ले वगळायचे, असा प्रस्ताव प्रोग्रॅम लिहिणाऱ्या-वापरणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर आला होता. या उपकरणांसाठी लिहिलेल्या भागाला कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाही, तपासायला यंत्र कोणाजवळ नाही, आणि नवं काही करायला जावं तर हाच भाग आडवा येतो. शेवटी एक ओळ होती: हे अजून कोणी वापरतं का? वापरत असाल तर सांगा, नाहीतर काढून टाकतो.

"आहे तीच आवृत्ती वापरत राहिले तर?" पूर्णिमानं विचारलं.

थोडे दिवस चालेल, सलिल म्हणाला. पण पुस्तकांच्या फायली आता नव्या प्रकारच्या येतात. आज ना उद्या कॉम्प्युटर बदलावा लागेल. पोर्टसाठी जोडवायर मिळते, पण जुना प्रोग्रॅम त्याच्यावर चढणार नाही. नवा डिस्प्ले संस्थेच्या आवाक्यातला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग तो सहज म्हणाला, "नाहीतर ताई, पडद्यावरचं वाचून दाखवणारा, बोलणारा प्रोग्रॅम आहेच की. सगळे आता तोच वापरतात."

पूर्णिमा "बघू" म्हणाली. आणि तिनं विषय बदलला.

कारण बोलणारा प्रोग्रॅम तिनं सोडून दिला होता, आणि का सोडला ते जगात कोणालाच माहीत नव्हतं. आधी तिनं त्याचा आवाज वाढवला, मग वेग कमी केला, मग हेडफोन बदलले. तरी शब्दांच्या कडा झिजतच गेल्या. 'पाट' आणि 'भात' सारखेच यायला लागले. बसमध्ये पुढच्या थांब्याचं नाव सांगतात ते नुसतं गुरगुरल्यासारखं वाटायचं, म्हणून ती वळणं मोजून उतरायची. घरी नवरा, उत्तरेश्वर, काही बोलला की ती आधी हसायची आणि मग त्यानं काय विचारलं असेल त्याचा अंदाज बांधायची. डोळे गेले तेव्हा ती लहान होती, जाणं म्हणजे काय ते तिला पुरतं कळलं नव्हतं. आता मात्र जे चाललं होतं ते तिला रोज कळत होतं.

आणि तिला द्वारकाबाई आठवायच्या. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाज्या निवडायला असायच्या. त्यांना दिसत नव्हतं, आणि उतारवयात ऐकूही येईना. कोणी वाईट वागलं नाही त्यांच्याशी. फक्त हळूहळू सगळ्यांनी बोलणं सोडलं. ताट आणून हाताशी ठेवायचं, खांद्यावर थोपटायचं आणि जायचं. द्वारकाबाई कधीकधी आपणहून बोलत सुटायच्या आणि समोर कोणी आहे की नाही हे त्यांना कळायचं नाही. पूर्णिमाला भीती त्याची होती.

सोमवारी तिनं तात्यारावांना डिस्प्लेचं सांगितलं. संस्था चालवणारे तात्याराव सत्तरी ओलांडलेले. ते म्हणाले, "जुनं म्हणून काढायचं ठरवलं तर आपल्या इथे सुरुवात माझ्यापासून करावी लागेल." मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, की बोलणाऱ्या प्रोग्रॅमवर तपासणी जमेल का. पूर्णिमानं त्यांना शुद्धलेखनाचं कारण दिलं. ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही, बोटालाच कळतं. ते खोटं नव्हतं. तात्यारावांना पटलंही. पण आपण अर्धंच बोललो हे तिला घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

सलिलचं म्हणणं होतं की मेल तिनंच लिहावा. त्यानं लिहिला तर एक प्रोग्रॅमर हट्ट करतोय असं वाटेल. वापरणारीनं स्वतः सांगितलं की वजन वेगळं पडतं. तिनं साधासा मेल लिहिला: मी पुण्याची, अमुक डिस्प्ले रोज वापरते, त्यावर शाळेची पुस्तकं तपासते, कृपया काढू नका.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. लिहिणाऱ्याचं नाव योनास, प्रोग्रॅम मुख्यतः तोच सांभाळायचा. मेल फार सभ्य होता, आणि म्हणूनच तिला त्याचा रागही धरता येईना. योनासनं लिहिलं होतं, की तो स्वतः अंध आहे, नोकरी सांभाळून आठवड्यातल्या एखाद-दोन संध्याकाळी हे काम करतो. एवढ्या जुन्या भागाची जबाबदारी घेणारं कोणी नाही. एका माणसासाठी तो ठेवला तर नव्या डिस्प्लेवाल्या शेकडो जणांचं काम अडतं. तुमच्या कामाबद्दल वाचून आनंद झाला. सध्यापुरतं बोलणाऱ्या प्रोग्रॅमवर भागेल का?

पूर्णिमानं ती शेवटची ओळ बोटांनी पुन्हा पुन्हा वाचली. आता उत्तर एकच होतं, आणि ते लिहायचं म्हणजे सगळ्यांसमोर लिहायचं. ती मेलिंग लिस्ट होती. तिथे लिहिलेलं प्रत्येकाला जातं आणि कायमचं राहतं, नावानं शोधलं की सापडतं. शिवाय सलिलही त्या लिस्टवर होता.

ते दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. गणपती आले, गेले. विसर्जनानंतर नदीपात्र शांत झालं आणि तिचं ढोलांचं कारणही संपलं. एकदा हडपसरला गाडीतळाच्या बसथांब्यापाशी रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली रिक्षा तिला ऐकूच आली नाही. अगदी अंगाजवळ ब्रेक लागल्याचा वारा आला, रिक्षावाला काहीतरी बोलला, तेही तिला कळलं नाही. कोण्या बाईनं दंड धरून तिला पलीकडे नेलं. पूर्णिमा थांब्याच्या बाकावर बसली आणि तिनं दोन बस जाऊ दिल्या.

त्याच दिवशी संस्थेत पोचल्यावर तिनं मेल लिहिला. जास्त विचार केला तर आपण परत अडकू, हे तिला माहीत होतं. तिनं लिहिलं, की मला बोलणाऱ्या प्रोग्रॅमवर भागणार नाही, कारण माझे कान जात आहेत. अजून काही दिवस काही आवाज कळतील, मग कदाचित कळणार नाहीत. त्यानंतर माझ्यापर्यंत पोचायला या पेटीशिवाय दुसरी वाट नसेल. एका माणसासाठी तुम्ही एवढं करावं का ते तुम्ही ठरवा. पण कोणी वापरतं का असं तुम्ही विचारलं होतं, म्हणून सांगितलं. मेल गेला आणि तिला एकदम वाटलं की तो परत घेता आला तर बरं. तो घेता येत नव्हता.

दुपारी सलिल दारात हजर. ऑफिसात काय सांगून आला होता कोण जाणे. हिंजवडीहून कर्वेनगर म्हणजे कामाच्या दिवशी सोपा प्रवास नाही. तो काही बोलला नाही, किंवा बोलला असेल तर तिला ऐकू आलं नाही. मग तो तिच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, घरी माहीत आहे?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. तो कोणाला सांगणार नाही म्हणाला, पण लिस्टवर पुण्याचे आणखी लोक आहेत हेही त्यानं सांगितलं. पूर्णिमाला ते आधी सुचायला हवं होतं. उत्तरेश्वरला दुसऱ्याच कोणाकडून कळण्याआधी तिनंच सांगायला हवं होतं.

उत्तरेश्वर लोमटे धाराशिवकडचा. वीस वर्षांपूर्वी कामाच्या शोधात हडपसरला आला आणि एका कारखान्यात मशीनवर लागला. त्याला दिसतं, आणि अंध बाईशी लग्न केल्याबद्दल लोक त्याचं कौतुक करायला लागले की तो उठून जातो. कमी बोलणारा माणूस. रविवारी सकाळी दोघं स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. पूर्णिमानं पानं खुडता खुडता सगळं सांगून टाकलं. कान, रिक्षा, मेल, सगळं. सांगून झाल्यावर ती थांबली.

काहीच आलं नाही. तो गप्प बसलाय, की हळू काहीतरी बोलतोय, हे तिला कळेना. असं याआधी कधी झालं नव्हतं. त्याच्या गप्प बसण्याचेसुद्धा आवाज तिला ठाऊक होते, श्वास, बोटं मोडणं, खुर्चीची कुरकुर. तिनं मेथीचा हात तसाच पुढे केला आणि त्याच्या जबड्यावर ठेवला. जबडा हलत नव्हता. गाल ओला होता.

थोड्या वेळानं त्यानं तिचा हात काढून आपल्या हातात घेतला आणि कानाजवळ येऊन म्हणाला, "त्या परदेशातल्या माणसाला आधी सांगितलंस."

"त्याला सांगणं सोपं होतं," ती म्हणाली. "तो मला सोडून जाऊ शकत नव्हता."

तो दिवसभर रागावलेला राहिला, हे तिला भांडी ठेवण्यावरून कळत होतं. ओट्याला हात लावला की हादरे जाणवत होते. पण दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यातून रजा घेतली आणि तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. डोळे आणि कान यांचं एकत्र जाणं हा एकच आजार असू शकतो, असं ते म्हणाले. कानाच्या यंत्राचा काही काळ उपयोग होईल, किती काळ ते सांगता येत नाही. कळल्यामुळे काही हलकं झालं नाही. पण घरात आता दोघं काळजी करणारी होती, आणि उत्तरेश्वर बोलायच्या आधी तिच्या मनगटाला हात लावायला शिकला.

लिस्टवर मात्र बरंच काही झालं होतं. तिच्या मेलनंतर बरीच चर्चा झाली, काही जण तिच्या बाजूनं, काही जण योनासच्या. एकानं लिहिलं, की भावनेवर कोड चालत नाही. ते वाचून पूर्णिमाला वाईट वाटलं, पण तो चुकीचं बोलतोय असं तिला म्हणता येईना. शेवटी योनासनं मार्ग काढला. मुख्य प्रोग्रॅममधून तो भाग निघणार हे ठरलंच. पण तो वेगळा काढून, ज्याला हवा त्याला जोडता येईल असा ठेवायचा. अट अशी, की कोणीतरी त्याची जबाबदारी घ्यावी आणि प्रत्येक आवृत्ती खऱ्या यंत्रावर तपासली जावी. सलिलनं जबाबदारी घेतली. तपासणी पूर्णिमाची.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सलिलनं संस्थेच्या कॉम्प्युटरवर नवी, अजून जाहीर न झालेली आवृत्ती चढवली. जुनी त्यानं आधी बाजूला जपून ठेवली होती. त्यानं तिच्या खांद्याला हात लावला, म्हणजे सुरू केलं. तिनं बोटं टेकवली.

रांग सपाट होती. एकही ठिपका वर नव्हता. तिनं डावीकडून उजवीकडे बोटं फिरवली, परत फिरवली. गुळगुळीत, थंड पट्टी. सलिल कीबोर्ड बडवत होता, ते तिला टेबलातून कळत होतं. तो काहीतरी बोलला, कानातल्या नव्या यंत्रामुळे आवाज मोठा आला पण शब्द फुटलेले. खोलीत माणसं आहेत, काहीतरी घडतंय, आणि आपल्यापर्यंत त्यातलं काहीच येत नाही. ती वेळ फार मोठी नसावी. पण पुढे काय वाढून ठेवलंय त्याची चव तिनं तेवढ्यात घेतली. उठून जावंसं वाटलं तरी तिनं बोटं उचलली नाहीत.

आणि म्हणूनच तिला ते कळलं. सलिल दर वेळी प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा तेव्हा पेटीच्या पोटात एक बारीकशी थरथर व्हायची, थोडी उशिरा, आणि मग विझायची. तिनं सलिलला थांबवलं, त्याचा हात पेटीच्या खालच्या बाजूला लावला आणि पुन्हा सुरू करायला सांगितलं.

त्यालाही ती जाणवली. मग तो कितीतरी वेळ कोड वाचत बसला. नवा प्रोग्रॅम सुरू होताना पेटीला हाक मारायचा आणि उत्तराची वाट फारच थोडी बघायचा. नव्या डिस्प्लेंना तेवढी पुरते. ही म्हातारी पेटी ओ द्यायची, पण तिची ओ यायच्या आत प्रोग्रॅमनं दार लावलेलं असायचं. सलिलनं थांबायची वेळ वाढवली. पूर्णिमाच्या बोटांखाली ठिपके सरसरून वर आले. समोर इतिहासाचं तेच जुनं प्रकरण उघडलेलं होतं. तिनं ती ओळ वाचली आणि टेबलावर डोकं टेकून ती रडली. तात्याराव तेवढ्यात आत आले होते. त्यांनी सलिलला विचारलं, चुका फार निघाल्या का पुस्तकात.

नवी आवृत्ती जानेवारीत निघाली. वेगळ्या काढलेल्या भागासोबत आधार असलेल्या उपकरणांची नावं होती, त्यात तिच्या डिस्प्लेचं नाव होतं आणि पुढे तपासणाऱ्या म्हणून तिचं. काही दिवसांनी पोलंडमधल्या एका निवृत्त शिक्षकाचा मेल आला. तोच डिस्प्ले त्याच्याकडेही होता. काढणार म्हणून कळलं तेव्हा त्यानं भांडण नको म्हणून काहीच लिहिलं नव्हतं. आता अडचण आली की तो तिला विचारतो आणि ती जमेल तसं इंग्रजीत उत्तर देते.

हा भाग जोडता येईल, असा आणखी दोन आवृत्त्यांपर्यंतचा शब्द योनासनं दिला आहे. त्यापुढचं तो बोलत नाही, आणि पूर्णिमा विचारत नाही. पेटीतल्या उजवीकडच्या एका घरात एक ठिपका हल्ली अर्धाच वर येतो. तिथलं अक्षर तिला शेजारच्या अक्षरांवरून ताडावं लागतं. तात्याराव एका संस्थेकडे नव्या डिस्प्लेसाठी अर्ज करून बसलेत आणि रोज सकाळी आल्याआल्या, काही कळलं नाही, असं तिला न विचारता सांगतात.

सातवीचा इतिहास छापून शाळांकडे गेला. आता आठवीचं विज्ञान आलंय. त्यातल्या आकृत्यांची वर्णनं फार लांब आहेत आणि चुकाही बऱ्याच आहेत. पूर्णिमा सकाळी येते, पेटी सुरू करते, आणि ठिपके वर येईपर्यंतचा तो क्षण श्वास रोखून बसते. मग कामाला लागते.